मान्चिनी: खेळता खेळताच प्रशिक्षक झालेला फॉरवर्ड

एका वाचकाच्या पत्राला हे उत्तर. त्यांचे प्रश्न दोन आहेत. खेळाडू म्हणून ज्याचं प्रशिक्षकांशी, रेफरींशी, पत्रकारांशी, कधी कधी स्वतःच्या सहकाऱ्यांशीही खटके उडत राहिले, तो इटलीचा फुटबॉलपटू रॉबेर्तो मान्चिनी पुढे इतका यशस्वी प्रशिक्षक कसा झाला? आणि फॉरवर्ड चांगले प्रशिक्षक होत नाहीत, ते काम हाफ (मधल्या फळीतले) आणि बॅक (बचावातले) यांचं, असं जे म्हणतात ते कितपत खरं?

दुसरा प्रश्न आधी निकालात काढतो. सगळे फॉरवर्ड एका माळेचे मणी नसतात. पेनल्टी बॉक्समध्ये दबा धरून बसणारा स्ट्रायकर वेगळा आणि त्याच्या मागे, मिडफिल्ड आणि बॉक्स यांच्या मधल्या पट्ट्यात खेळणारा दहा नंबर वेगळा. पहिल्याला बॉल आल्यावर काय करायचं एवढं ठाऊक असलं तरी त्याचं भागतं. दुसऱ्याला बॉल यायच्या आधी मान वळवून सगळं बघून ठेवावं लागतं: आपला स्ट्रायकर बॅकच्या कुठल्या खांद्याआडून सुटणार आहे, त्यांचा हाफ किती पुढे सरकलाय, आपला विंगर ओळीत आहे की ऑफसाइड. हे सतत करणाऱ्याला खेळाचा नकाशा पाठ होतो. मान्चिनी या दुसऱ्या जातीचा. फ्लॉरेन्समधल्या कोवेर्चियानो इथे इटलीच्या प्रशिक्षकांचं शिक्षण होतं. तिथे त्याने प्रबंध लिहिला तोही याच जागेवर, या दहा नंबरावर.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की त्याची बरीचशी भांडणं प्रशिक्षकाची होती, फक्त त्या वेळी त्याच्या अंगात जर्सी होती. चुकीच्या ठिकाणी पास दिला म्हणून सहकाऱ्यावर हात उडवणारी पोरं प्रत्येक मैदानावर असतात. त्यातली बहुतेक 'मला का नाही दिलास' म्हणून ओरडतात. एखादाच 'त्याला द्यायला हवा होतास' म्हणून ओरडतो. शिकवणाऱ्याने अशा पोराकडे लक्ष ठेवावं, तो डोकेदुखी असला तरी. मान्चिनी तसा होता. त्याचा स्वभाव प्रशिक्षक झाल्यावरही बदलला नाही, आणि त्याच्या यशापयशाचा बराचसा हिशोब तिथेच लागतो.

आता थोडं मुळापासून. जन्म २७ नोव्हेंबर १९६४, मार्के प्रांतातलं येझी हे गाव. कोवळ्या वयात घर सोडून तो बोलोन्याच्या युवा संघात गेला आणि सप्टेंबर १९८१मध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या आत, इटलीच्या सगळ्यात वरच्या विभागात, सेरी आमध्ये, उतरला. त्या पहिल्याच मोसमात ३० सामन्यांत ९ गोल. बोलोन्या मात्र त्याच वर्षी इतिहासात पहिल्यांदा खालच्या विभागात गेला, आणि १९८२च्या उन्हाळ्यात पोरगा जिनोआच्या साम्पदोरियाकडे विकला गेला. साम्पदोरिया तेव्हा नुकताच वरच्या विभागात परतलेला, कपाटात एकही मोठा चषक नसलेला क्लब. मालक पाओलो मान्तोवानी तेलाच्या व्यापारातले. त्यांनी ठरवलं होतं की तयार तारे आणण्यापेक्षा इटलीतली कोवळी पोरं आणायची आणि एकत्र वाढवायची. १९८४मध्ये क्रेमोनेजेहून जानलुका विआली आला. मान्चिनी आणि विआली, दोघांचा जन्म १९६४चा. इटलीभर त्यांना 'गोलचे जुळे भाऊ' म्हणायला लागले.

जुळे म्हटलं तरी कामं वेगळी. विआली अंगापिंडाने भरलेला, दिवसभर धावणारा, हवेत उलटा होऊन गोल मारणारा. मान्चिनी सडपातळ, केस मानेवर, धावायची फार हौस नाही, पण टाच, पायाची बाहेरची बाजू, एका टप्प्यात दिलेला पास. विआली कुठे असेल हे न बघता त्याला कळायचं. १९८६ साली सर्बियाचे वुयादिन बोस्कोव प्रशिक्षक म्हणून आले. रेफरीने शिट्टी वाजवली की ती पेनल्टी, असं साधं वाक्य टाकून पत्रकारांना गप्प करणारा हा माणूस. दोन तापट फॉरवर्डना वेसण घालण्यापेक्षा त्यांना मोकळं सोडलेलं बरं, हे त्यांना उमगलं होतं. १९८५, १९८८, १९८९ साली इटालियन चषक. १९९० साली गॉथेनबर्गला अँडरलेक्टला हरवून युरोपियन कप विनर्स कप, दोन्ही गोल विआलीचे. मग १९९०–९१चा मोसम. गतविजेत्या नापोलीला त्यांच्याच मैदानावर ४–१. लीगमध्ये विआलीचे १९ गोल, मान्चिनीचे १२. मे १९९१मध्ये लेच्चेला ३–० हरवून साम्पदोरियाने लीग जिंकली. क्लबच्या इतिहासातलं ते पहिलं आणि आजतागायत एकमेव विजेतेपद. मिलान, इंटर, युव्हेंटस, नापोली हे सगळे जगातले सर्वोत्तम परदेशी खेळाडू घेऊन बसलेले असताना हे झालं, म्हणून त्याची किंमत मोठी.

पुढच्या वर्षी, २० मे १९९२ला वेम्ब्लीवर युरोपियन चषकाचा अंतिम सामना, समोर योहान क्रायफचा बार्सिलोना. विआलीच्या पायातून संधी निसटल्या, जादा वेळेत रोनाल्ड कूमनची फ्री किक भिंतीच्या बाजूने सुसाटत गेली आणि सगळं संपलं. त्याच उन्हाळ्यात विआली युव्हेंटसला गेला. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये मान्तोवानी वारले. ती पोरांची टोळी विस्कटली. मान्चिनी राहिला आणि १९९७पर्यंत तिथेच खेळला.

आता राष्ट्रीय संघाचं दुखणं. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे २०२१मध्ये जे झालं त्याचं मूळ इथे आहे. मे १९८४मध्ये जगज्जेत्या इटलीचा संघ कॅनडा-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. एकोणीस वर्षांच्या मान्चिनीने टोरोंटोत पदार्पण केलं. मग न्यूयॉर्कला तार्देल्ली, जेन्तिले अशा विश्वविजेत्यांबरोबर तो रात्री बाहेर पडला आणि पहाटे हॉटेलवर उगवला. प्रशिक्षक एन्झो बेअरझोट जागेच होते. त्यांनी सगळा राग या पोरावर काढला. त्यानंतर बेअरझोट यांनी त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही आणि १९८६चा विश्वचषक हुकला. हे मान्चिनीने स्वतः पुढे अनेकदा सांगितलंय: बऱ्याच वर्षांनी बेअरझोट भेटले तेव्हा म्हणाले, माफी मागायला एक फोन केला असतास तर नेलं असतं. त्याने तो फोन केला नव्हता. आडमुठेपणा म्हणा, लाज म्हणा. एकोणिसाव्या वर्षी दोन्ही सारखंच दिसतं.

पुढचे प्रशिक्षक विचिनी. त्यांच्या संघात १९८८च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, पश्चिम जर्मनीविरुद्ध सलामीला गोल त्याचाच. गोल झाल्यावर तो आनंद करायचा सोडून टीका करणाऱ्या पत्रकारांच्या दिशेने तावातावाने धावला. १९९०चा विश्वचषक घरच्या मैदानावर. तो २२ जणांत होता, पण सात सामन्यांत मिळून एक मिनिटही मैदानावर उतरला नाही. पुढे आर्रिगो साक्की आले. त्यांच्या आखीव पद्धतीत मोकळ्या दहा नंबराला जागा तशीही थोडी. मार्च १९९४मध्ये जर्मनीविरुद्ध श्टुटगार्टच्या मैत्रीपूर्ण सामन्यानंतर दोघांचं बिनसलं ते कायमचं. हिशोब: ३६ सामने, ४ गोल. त्याच्या तोडीच्या खेळाडूसाठी हा आकडा म्हणजे जवळपास वाया गेलेली कारकीर्द.

क्लबमध्ये मात्र त्याचा शब्द चालायचा. १९९२मध्ये स्वेन-गोरान एरिक्सन साम्पदोरियाला आले. ते पुढे सांगत की हा गडी खेळत असतानाच प्रशिक्षक होता, सामानाची जबाबदारी त्याची, बसही हाच चालवायचा. सगळं आपल्या डोळ्यांखालून गेलं पाहिजे. कुणाला विकत घ्यावं यात त्याचं मत घेतलं जाई. संघातल्या कोवळ्या व्हेरॉनशी एका कॉर्नरवरून त्याची अशी जुंपली की ड्रेसिंग रूममध्ये हातघाईची वेळ आली. पुढे रोमच्या लाझियो क्लबात दोघे पुन्हा एकत्र आले आणि नंतर इंटरमध्ये मान्चिनीच्या हाताखाली व्हेरॉन खेळलाही. त्याची भांडणं अशी असायची. बॉल कुठे जायला हवा होता यावरची, आणि म्हणून बहुधा मिटणारी.

१९९७मध्ये एरिक्सन लाझियोला गेले आणि बत्तिशीतल्या मान्चिनीला घेऊनच गेले. पाठोपाठ साम्पदोरियातला सहकारी मिहाइलोविचही आला. पार्माविरुद्धचा जानेवारी १९९९मधला गोल बघितला नसेल तर आधी तो बघा. मिहाइलोविचचा डाव्या पायाचा कॉर्नर, जोरात, जवळच्या खांबाकडे. मान्चिनी बॉक्समध्ये धावत येतो, बॉल त्याच्या किंचित मागे पडतोय. डोक्याने घ्यावा तर खाली आहे, पायाने घ्यावा तर अंग पुढे निघून गेलंय. तो तसाच पुढे जातो आणि हवेतल्या हवेत टाचेने बॉल मागून वळवतो. बुफोन गोलमध्ये असून नुसता बघत राहतो. हौशी करामत म्हणून लोक हा गोल दाखवतात. मला त्यात दुसरं काही दिसतं. बॉल पायाशी पोचेपर्यंत गोल कुठे आहे, खांब कुठे आहे, याचं गणित त्याच्या डोक्यात आधीच मांडून झालंय. त्याला गोलकडे तोंड करायची गरजच पडत नाही.

लाझियोत तीन वर्षांत कप विनर्स कप, मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपियन सुपर कप आणि मे २०००मध्ये लीग. ती लीगही कशी, तर शेवटच्या दिवशी पेरुजात धो धो पावसाने युव्हेंटसचा सामना तासाहून जास्त खोळंबला, मैदानाचं तळं झालं, आणि युव्हेंटस १–० हरला. इकडे रोमात आपला सामना संपवून लाझियोचे खेळाडू रेडिओला कान लावून बसलेले. त्या संघातून पुढे किती प्रशिक्षक निघाले बघा: मान्चिनी, सिमेओने, सिमोने इन्झागी, मिहाइलोविच, नेस्ता, कॉन्सेसाओ, अल्मेदा. एरिक्सनच्या शांतपणाचं श्रेय त्यात आहेच, पण ज्या ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाला खेळाबद्दल मत असतं तिथे सामना नसलेल्या दिवशीही शाळा चालू असते.

इथून पुढे प्रशिक्षक. एरिक्सनचा सहाय्यक म्हणून अर्धा मोसम, मग जानेवारी २००१मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टरसाठी जेमतेम पाच सामने खेळला, आणि फेब्रुवारीत एकदम फिओरेन्टिनाचा मुख्य प्रशिक्षक. तेव्हा त्याच्याकडे त्या पदाचा परवाना नव्हता. खास सवलत मिळाली, इटलीतल्या प्रशिक्षकांनी आरडाओरडा केला, आणि तो त्यांच्या बाजूने रास्तच होता. पण चार महिन्यांत त्याने इटालियन चषक जिंकून दाखवला. क्लब मात्र कर्जात बुडत होता. जानेवारी २००२मध्ये तो बाहेर पडला आणि त्याच वर्षी फिओरेन्टिनाचं दिवाळं निघालं. पुढची दोन वर्षं लाझियो. तिथेही तिजोरी रिकामी, मोठे खेळाडू विकलेले, पगार थकलेले. तरी लीगमध्ये चौथा क्रमांक आणि २००४चा इटालियन चषक. पैसा नसताना माणसं बांधून ठेवणं त्याला जमतं, हे या काळात दिसलं. गंमत अशी की त्याची ओळख पुढे नेमकी उलटी झाली: श्रीमंत क्लबांचा प्रशिक्षक.

इंटरची चार वर्षं (२००४–०८) दोन प्रकारे सांगता येतात. १९८९नंतर लीग न जिंकलेल्या क्लबला त्याने सलग तीन विजेतेपदं दिली. त्यातलं २००६चं मैदानावर मिळालेलं नव्हे. रेफरींच्या नेमणुकांवरून जे मोठं प्रकरण बाहेर आलं, त्यात युव्हेंटसचं विजेतेपद काढून तिसऱ्या आलेल्या इंटरला दिलं गेलं. पण २००६–०७चं मात्र शंभर टक्के कमावलेलं: ९७ गुण, सलग १७ विजय. २००८मध्ये शेवटच्या दिवशी पार्मात पावसात सामना अडकला होता. दुखापतीतून उठलेल्या इब्राहिमोविचला त्याने दुसऱ्या डावात उतरवलं आणि दोन गोलांनी लीग हाती आली. दुसरी बाजू म्हणजे युरोप. चॅम्पियन्स लीगमध्ये त्याचा इंटर उपांत्य फेरीपर्यंतही पोचला नाही. मार्च २००८मध्ये लिव्हरपूलकडून हरल्यावर त्याने पत्रकारांसमोर मोसमाअखेर जाणार असं सांगून टाकलं, दुसऱ्या दिवशी शब्द मागे घेतला. असं बोलून झालं की मालकाच्या मनात बसतं. लीग जिंकूनही मे महिन्यात मालक मोरात्तींनी त्याला काढलं आणि मोरिन्यो आला. प्रशिक्षक म्हणून माझं मत विचाराल तर त्या रात्री त्याने केलं ते अक्षम्य होतं. खेळाडूंनी ऐकलं की आपला माणूस निघालाय, तर उरलेले सामने कुणासाठी खेळायचे?

डिसेंबर २००९मध्ये मँचेस्टर सिटी. हा भाग बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भराभर. त्याच शहरातल्या युनायटेडच्या स्टेडियमवर सिटीला चषक न मिळाल्याची वर्षं मोजणारा फलक लागायचा. तो ३५वर असताना मे २०११मध्ये एफए कप आला. पुढच्या मोसमात युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर ६–१. म्युनिकला स्ट्रायकर तेवेझने मैदानात उतरायला नकार दिला असं मान्चिनी जाहीरपणे म्हणाला आणि हा पुन्हा माझ्यासाठी खेळणार नाही असंही. पण मार्चमध्ये गरज पडली तेव्हा त्यालाच परत घेतलं. ज्याने स्वतः बेअरझोटना फोन केला नव्हता, तो इथे माफी स्वीकारताना दिसतो.

मला मात्र अग्वेरोच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलापेक्षा त्याच्या आठवडाभर आधीचा, ६ मे २०१२चा न्यूकॅसलचा सामना जास्त शिकवतो. लीगसाठी सिटीला जिंकायलाच हवं होतं. तासभर झाला तरी ०–०. मान्चिनीने आक्रमक नास्रीला बाहेर काढलं आणि नायजेल डी यॉंगला, म्हणजे मार्किंग करणाऱ्या हाफला, आत घातलं. बघणाऱ्याला वाटावं, बरोबरीवर समाधान मानतोय. पण डी यॉंग मागे उभा राहिला आणि त्यामुळे याया तुरे सुटला. तो थेट स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबराच्या जागी जाऊन खेळायला लागला. ७०व्या मिनिटाला याया, ८९व्या मिनिटाला पुन्हा याया. २–०. एक मागचा माणूस वाढवून आक्रमण वाढवायचं, हे कागदावर उलटं दिसतं. ज्याने वीस वर्षं त्या पट्ट्यात खेळून अनुभवलंय की मागे कुणीतरी भरवशाचा असेल तरच दहा नंबर निर्धास्त पुढे जातो, त्याला ते सुचतं. तुमच्या 'फॉरवर्ड प्रशिक्षक होतात का' या प्रश्नाला याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

१३ मे २०१२ला क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध जेको आणि अग्वेरोने भरपाईच्या मिनिटांत एकेक गोल करून सामना खेचून आणला, ते सगळ्यांना माहीत आहे. १९६८नंतर सिटीची पहिली लीग. अग्वेरोला तो शेवटचा बॉल जमिनीवर पडता पडता ढकलून देणारा होता बालोटेली, ज्याला मान्चिनीने इंटरमध्ये सतराव्या वर्षी पहिल्या संघात आणलं होतं आणि ज्याच्याशी तो सतत भांडत होता. बरोबर एक वर्षाने, १३ मे २०१३ला, विगनकडून एफए कपचा अंतिम सामना हरल्यावर दोन दिवसांत सिटीने त्याला काढलं. चॅम्पियन्स लीगच्या गटात तळाला, एकही विजय नाही. पण खरं कारण असं सांगितलं जातं की क्लबमध्ये त्याचं कुणाशी धड बोलणं उरलं नव्हतं. गालातासारायला तुर्की चषक, पुन्हा इंटर, झेनितमध्ये एक फिका मोसम. यात मी वेळ घालवत नाही.

१४ मे २०१८ला इटलीने त्याला बोलावलं तेव्हा संघाची अवस्था अशी होती की १९५८नंतर प्रथमच विश्वचषक हुकला होता. तिथे त्याने पहिली गोष्ट केली ती मला सगळ्यात हुशारीची वाटते. त्याने डावपेच बदलायच्या आधी माणसं गोळा केली, आणि ती सगळी ओळखीची. सहाय्यक म्हणून एवानी, लोम्बार्दो, नुचियारी, साल्सानो, सगळे साम्पदोरियाचे. २०१९च्या अखेरीस संघाचा शिष्टमंडळ प्रमुख म्हणून विआली, ज्याला तोवर स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ग्रासलं होतं. मान्तोवानींनी जे कुटुंब वाढवलं होतं ते त्याने राष्ट्रीय संघाच्या बेंचवर पुन्हा वसवलं. क्लबमध्ये रोज त्याच माणसांशी व्यवहार, त्यामुळे त्याचा तापटपणा साचत जायचा. राष्ट्रीय संघात महिन्यातून काही दिवस भेट; भांडायला वेळच नाही, आणि भांडण झालंच तर मिटवायला विआली. त्याच्या स्वभावाला हे काम क्लबपेक्षा जास्त मानवलं.

निवडीतही धाडस. सप्टेंबर २०१८मध्ये निकोलो झानियोलोला बोलावलं तेव्हा तो पोरगा सेरी आमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. इटलीतल्या प्रशिक्षकांना यामागचा इशारा बरोबर कळला: पोरांना खेळवा.

खेळाची बांधणी अशी. कागदावर ४-३-३. बॉल आपल्याकडे असताना डावा बॅक स्पिनाझोला थेट फॉरवर्डच्या ओळीत जायचा, उजवा बॅक दी लोरेन्झो मात्र बोनुच्ची आणि किएलिनी यांच्याजवळ थांबायचा; म्हणजे मागे तीन. त्यांच्यापुढे जॉर्जिन्हो आणि व्हेराट्टी हे दोन, दोघेही पासचे राजे. एका संघात असे दोन ठेवायला इटलीत पूर्वी कुणी सहसा धजावत नव्हतं. पुढे पाच: डाव्या रेषेवर स्पिनाझोला, मध्ये इम्मोबिले, उजव्या रेषेवर बेरार्दी किंवा किएझा, उजवीकडून आत बारेला, आणि डावीकडून आत इन्सिन्ये. ही इन्सिन्येची जागा नीट बघा. स्पिनाझोला रेषेवर असल्यामुळे समोरचा बॅक तिकडे खेचला जायचा आणि इन्सिन्ये आतल्या मोकळ्या पट्ट्यात तोंड गोलकडे करून बॉल घ्यायचा. तरुणपणी मान्चिनीला राष्ट्रीय संघात जी जागा कुणी करून दिली नाही, ती त्याने संघाच्या मधोमध आखून ठेवली होती.

ऑक्टोबर २०१८ ते ऑक्टोबर २०२१, सलग ३७ सामने अपराजित. युरोच्या पात्रता फेरीत दहापैकी दहा विजय. २०२१च्या उन्हाळ्यात रोमात तुर्की आणि स्वित्झर्लंडला तीन-तीन गोल. मग वेल्सविरुद्ध पात्र ठरून झाल्यावर त्याने पुष्कळ राखीव खेळवले, आणि शेवटच्या मिनिटांत गोलकीपर डोनारुम्माला बाहेर काढून सिरिगूलाही उतरवलं. गोलकीपर असा कारणाशिवाय कुणी बदलत नाही. कारण होतं: २६ जणांपैकी २५ जण त्या स्पर्धेत मैदानावर उतरले, फक्त तिसरा गोलकीपर मेरेत राहिला. १९९०मध्ये महिनाभर नुसता बेंचवर बसलेला माणूस हे करतो तेव्हा त्याला मोठेपणा वगैरे म्हणायची गरज नाही. त्याला ते बसणं आठवत होतं, इतकंच. त्याचा फायदाही रोकडा मिळाला. ऑस्ट्रियाविरुद्ध जादा वेळेत दोन्ही गोल बदली खेळाडूंचे, किएझा आणि पेस्सिना.

अंतिम सामना ११ जुलै, वेम्ब्ली, समोर इंग्लंड. दुसऱ्याच मिनिटाला ल्यूक शॉचा गोल. ५५व्या मिनिटाला मान्चिनीने इम्मोबिलेला, म्हणजे संघातल्या एकुलत्या एक स्ट्रायकरला, बाहेर काढलं. पिछाडीवर असताना! मग मध्ये इन्सिन्ये आला, पण तो उभा राहायचा खाली. इंग्लंडचे बॅक स्टोन्स आणि मॅग्वायर यांना धरायला माणूसच उरला नाही, त्यांच्यापुढच्या पट्ट्यात इटलीचा एक माणूस नेहमी जास्त. बॉल इटलीकडे राहू लागला, ६७व्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गर्दीत बोनुच्चीने बरोबरी केली. पेनल्टींवर डोनारुम्माने सांचो आणि साका यांना अडवलं. १९६८नंतर प्रथमच इटली युरोपची विजेती. २९ वर्षांपूर्वी ज्या वेम्ब्लीवर दोघे हरले होते तिथे मान्चिनी आणि विआली गळ्यात पडून रडले. तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय, मी त्यावर आणखी बोलत नाही.

उतरणही तितकीच वेगाने आली. विश्वचषकाच्या पात्रतेत स्वित्झर्लंडविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत जॉर्जिन्होची पेनल्टी हुकली, गट हातचा गेला, आणि २४ मार्च २०२२ला पालेर्मोत उत्तर मॅसिडोनियाविरुद्ध तीसहून जास्त फटके मारूनही गोल नाही; ९२व्या मिनिटाला त्रायकोव्हस्कीने लांबून मारलेला बॉल आत. सलग दुसरा विश्वचषक गेला. लोक याला दुर्दैव म्हणतात. अर्धं दुर्दैव होतं. स्पिनाझोला टाचेच्या दुखापतीने जवळपास वर्षभर बाहेर, त्यामुळे डाव्या बाजूचं सगळं गणित मोडलं होतं आणि मान्चिनीने त्याला पर्यायी मांडणी उभी केली नाही. युरो जिंकून देणाऱ्या माणसांवर तो माया करत राहिला. माणसं बांधून ठेवणाऱ्याचा हा दोष असतोच. १६ डिसेंबर २०२२ला मिहाइलोविच गेला, ६ जानेवारी २०२३ला विआली. तीन आठवड्यांत दोन भाऊ जावेत तसं ते होतं. ऑगस्ट २०२३मध्ये त्याने इटलीचं पद सोडलं आणि त्याच महिन्यात सौदी अरेबियाचा करार घेतला. इटलीत त्यावर खूप टीका झाली, पैशासाठी गेला म्हणून. सौदीत जानेवारी २०२४च्या आशियाई चषकात दक्षिण कोरियाविरुद्ध पेनल्टी चालू असतानाच तो मैदान सोडून आत निघून गेला. नंतर माफी मागितली, सामना संपला असं वाटलं म्हणाला. ऑक्टोबर २०२४मध्ये तेही पद सुटलं. इतक्या वर्षांनीही राग आला की तो पाठ फिरवतो, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावं.

तुमचा भाचा फॉरवर्ड आहे आणि त्याला पुढे प्रशिक्षणात यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. त्याला अंतिम सामना नका दाखवू, पेनल्टीच्या नादात पोरं बाकी काही बघत नाहीत. २०२१चा बेल्जियमविरुद्धचा, म्युनिकमधला सामना दाखवा. पहिला अर्धा तास फक्त स्पिनाझोला आणि इन्सिन्ये यांच्यातलं अंतर बघायला सांगा, बॉल कुठेही असो. ३१व्या मिनिटाला व्हेराट्टीने बॉल पुढेच हिसकावून बारेलाला दिला तेव्हा उजवीकडे जागा का मोकळी होती, हे त्याने स्वतः शोधायला हवं; सांगू नका. ४४व्या मिनिटाला इन्सिन्ये टीलेमान्सला मागे टाकून वळवून मारतो, तो गोल तीनदा दाखवा. तिसऱ्यांदा बॉलवरून नजर काढून बाकीचे फॉरवर्ड कुठे पळतायत ते बघायला लावा. मग न्यूकॅसलचा तो सामना, डी यॉंग आत येतो तिथपासून शेवटपर्यंत. बदल का केला हे त्याला आधी कागदावर लिहू द्या आणि मगच पुढचं चालू करा.